उरलेल्या फळ्यांचे टेबल का तडकले?

प्रश्न: कपाटाच्या कामातून उरलेल्या सागवानी फळ्या जोडून मी सामायिक कार्यशाळेतल्या संध्याकाळी एक लहान टेबल केले. खालून आडव्या पट्ट्या सरस आणि स्क्रू लावून घट्ट बसवल्या होत्या, तरी सहा महिन्यांत वर भेग पडली. सरस कमी पडला का?

उत्तर: सरस कमी नव्हे, जास्तच झाला. हवेतील दमटपणानुसार लाकूड रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे लाकडाच्या रेषांना (तंतूंच्या दिशेला) आडवी पट्टी पूर्ण चिकटवली की आकसू पाहणारी फळी अडकते व तडकते. नव्या पट्ट्यांना सरस लावू नये. मधला स्क्रू पक्का ठेवून टोकांकडची छिद्रे पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत, म्हणजे फळीबरोबर स्क्रूही सरकेल. भेग मात्र पट्ट्या काढून, फळी काही आठवडे मोकळी ठेवल्यावरच सांधावी.

जाता जाता एक सांगतो: जुन्या फळीवर रंधा चालवण्यापूर्वी चुंबक फिरवावे, कारण आत मोडलेल्या खिळ्याने पात्याला पडलेली खाच नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या लाकडावर बारीक रेघ होऊन उमटते, आणि ती कोणामुळे आली हे कार्यशाळेत फार काळ लपत नाही.