रोज तिखट खाल्ल्याने अल्सर होतो का? नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायची का?

नुसत्या तिखटाने अल्सर होत नाही. पोटातल्या अल्सरमागे मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा ऊठसूट घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात. जिवाणूचा हा संबंध दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. आधीच अल्सर असेल तर मात्र तिखटाने दुखणं वाढू शकतं.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना (म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टर्सना) चेतवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात भाजत काही नाही. सवयीने ते ग्राही बोथट होतात आणि मग माणूस वाटीभर जादा रस्सा मागतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ग्लासावर ग्लास रिचवून उपयोग नाही. आपल्याकडे मिसळीसोबत दही देतात ते उगाच नाही, त्यातलं केसिन हे दुधाचं प्रथिन तिखट धरून ठेवतं.

चीनमध्ये जवळपास ५ लाख लोकांच्या पाहणीत (२०१५) नियमित तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण थोडं कमी दिसलं. पण तो नुसता संबंध आहे, तिखटामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्यांच्या ताटात तर्री नव्हती!

माझ्या मते गंगापूर रोडच्या मिसळीत मिरचीपेक्षा वर तरंगणारं तेल, फरसाण, पापड आणि मीठ यांचीच काळजी जास्त करावी. ॲसिडिटी, मूळव्याध किंवा आयबीएस (आतड्यांचा वारंवार होणारा, पोटदुखी-जुलाब-बद्धकोष्ठाचा त्रास) असेल तर तिखट खरंच त्रास देऊ शकतं, तेव्हा रस्सा कमी आणि मटकी जास्त मागा. शौचातून रक्त किंवा काळी शी दिसली तर थेट डॉक्टरकडे जा.