नाडी की पावलं?

प्रश्न: वय ५४. मुलीने फिटनेस बँड भेट दिलाय. भरभर चालताना तो नाडी १२०च्या वर दाखवतो, पण मला धाप लागत नाही. थांबून लगेच गळ्याशी बोटं ठेवून मोजली तर ९५ भरते. बँड बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. बँडखालचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो किती परत येतो, यावरून नाडी काढली जाते. पट्टा सैल असला, की हाताच्या हेलकाव्यांनीही तो प्रकाश कमीजास्त होतो आणि बँड नाडीऐवजी चक्क पावलांचा ठेका पकडतो. भरभर चालताना मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. तुमचा आकडा बहुधा तिथूनच आलाय. मलाही असाच आकडा दिसला होता. घाबरून मी आठवडाभर चालणं बंद केलं, त्याची हळहळ अजून वाटते.

निघताना पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, हलणार नाही इतका घट्ट बांधा. परतल्यावर सैल करा. तरीही फरक राहिला तर छातीचा पट्टा वापरून पाहा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो.

कॅलरींच्या आकड्यावर जेवण ठरवू नका, तो ढोबळ अंदाज असतो. १०,००० पावलांचं दडपणही नको. तो आकडा १९६०च्या दशकातल्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून रूढ झालाय.

छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र बँड काहीही दाखवो, थेट डॉक्टरांकडे जा.