आधी एक पाय सोडव

मित्रा, जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधला (ट्वीटर-वूफरला आवाज वाटून देणारं सर्किट) कपॅसिटर तपासतोयस, तर तो बोर्डावर असतानाच मीटर लावू नकोस. बाजूची कॉइल नि रेझिस्टर आकडा बिघडवतात. त्याचा एक पाय डिसोल्डर कर, मग मोज. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या स्पीकरमधला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेला) कपॅसिटर ६.१ दाखवत होता. मी खूश, म्हटलं, म्हातारा अजून दमदार! छे, गळका होता, आतून करंट झिरपत होता. गळतीमुळे चार्ज व्हायला वेळ लागतो आणि साधं मल्टिमीटर त्यालाच जास्त क्षमता समजतं. म्हणून ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) दाखवणारं एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणारं) घे, १ किलोहर्ट्झवर ठेव. नवेही मोजूनच घे, ±१० टक्क्यांचा फरक चालतो. डाव्या-उजव्या स्पीकरला जुळणारी जोडी लाव. प्लास्टिक फिल्मचा कपॅसिटर लावलास तर ईएसआर घटतो, ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाला जरा टोचतो. मग अर्ध्या ओहमचा रेझिस्टर त्या कपॅसिटरच्या सीरिजमध्ये घालून ऐक.