66 वर्षांच्या आईचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेच्या तपासणीतला आकडा) उणे 2.8 आलाय, नुसत्या नाचणी-दुधावर भागेल का?

नाही भागणार. उणे 2.5 किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि या वयात औषध बहुतेक लागतंच. नाचणी, तीळ, दूध जरूर द्या. दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी देतील. ती सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आडवं झालं तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते, आणि खाल्लं तर गोळी नीट शोषली जात नाही. घरोघरी इथंच चुकतं: चहासोबत घेतलेली गोळी फारशी अंगी लागत नाही. हे जमत नसेल तर मूत्रपिंडं तपासून वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन निवडलंत तर तारीख चुकवू नका. मध्येच थांबवलं तर मणके मोडू शकतात.

सांगलीत असाल तर चालायला आमराई बाग चांगली. घरी खुर्चीतून हात न टेकता ऊठबस करू द्या. वाकून कळशी उचलणं मात्र आजपासून बंद. आणि न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून घ्या, माझ्या मते हे काम सगळ्यांत आधी.