किमतीत तुमची मजुरी धरली आहे का?

प्रश्न : ताई, मिस्टर गेल्यापासून शिवणाच्या मशीनवरच घर चालवते. कुर्ते आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवून विकते. काम भरपूर आहे, रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असते, पण महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. ओळखीच्या बायका उधारीवर नेतात, मागायला संकोच वाटतो. आता एका दुकानदाराने 100 कुर्त्यांची ऑर्डर देऊ केली आहे. कर्ज काढून मोठी मशीन घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : घरातलं कमावतं माणूस अंथरुणाला खिळलं तेव्हा मीही अशीच मशीनवर बसले होते, त्यामुळे तुमची ओढाताण मला नीट कळते. पण कर्जाचं नंतर बघू. आधी एक कुर्ता घ्या आणि घड्याळ लावून शिवा. कापड बेतणं, कापणं, शिलाई, इंटरलॉक, काज-बटण, धागे कापणं, इस्त्री, सगळ्याचा वेळ वेगवेगळा लिहा. हेच काम बाहेरच्या बाईकडून करून घेतलं असतं, तर तिला किती द्यावे लागले असते? तेवढी मजुरी स्वतःच्या नावावर धरा. बहुतेक जणी कापड, अस्तर, दोरा मोजतात आणि वर थोडं चढवून किंमत सांगतात. मग घरात खर्च होतात ते पैसे मजुरीचे की नफ्याचे, हेच कळत नाही. मजुरी धरल्यावर जे उरेल, तोच धंद्याचा नफा.

उधारीबद्दल ठाम राहा. कापडाचे पैसे आधी, उरलेले कपडा हातात देताना. एखाद्या बाईची खरंच अडचण असेल तर सूट जरूर द्या, पण वहीत पूर्ण रक्कम लिहून खाली सूट लिहा. आपण कुणाला किती दिलं, हे आपल्याला तरी दिसायला हवं.

ऑर्डर चांगली आहे, पण तोंडी घेऊ नका. कुठल्या मापाचे किती, माल कधी द्यायचा, पैसे कधी मिळणार, हे लिहून घ्या. निदान कापडापुरती आगाऊ रक्कम मागा. एक नमुना शिवून पसंत करून घ्या, मगच कात्री लावा. सगळं कापड एकाच लॉटचं घ्या, नाहीतर रंगात फरक पडतो. आणि सुती कापड असेल तर आधी त्याचा 1 मीटरचा तुकडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मोजा. लांबीत 4 सेंटीमीटर आटला, तर 44 इंचांचा कुर्ता पहिल्याच धुण्यात जवळजवळ पावणेदोन इंच आखूड होणार. अशी 100 गिऱ्हाइकं दुकानात परत आली, तर पुढची ऑर्डर विसरा.

आता मशीन. घरगुती मशीनपेक्षा कारखान्यातली मशीन कितीतरी वेगाने टाके घालते, हे खरं. पण तुमचा वेळ कापण्यात, काज-बटणात आणि इस्त्रीत जात असेल, तर त्या वेगाचा उपयोग काय? मग काज-बटण बाहेर द्या, कापायला जोडीला कुणी घ्या. सरळ शिलाईतच वेळ जातोय असं वहीत दिसलं, तर मशीन जरूर घ्या. फक्त या एका ऑर्डरवर विसंबू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या पैशांतून, तुमची मजुरी बाजूला काढून, हप्ता भागतो का तेवढं आधी मांडून बघा.