बाबा एवढे हुशार, मग असल्या मेसेजवर विश्वास कसा ठेवतात?

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. गोव्यातल्या डिचोलीकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बाबांनी प्रेशरच्या गोळ्याच बंद केलेल्या, का तर व्हॉट्सॲपवर कुणा "औषध कंपनीतल्या आतल्या माणसाची" व्हॉईस नोट, की डॉक्टर खरं काय ते लपवतात. मुलगी रडकुंडीला आलेली, बाबांचं डोकं फिरलंय का म्हणून.

डोकं अजिबात फिरलं नव्हतं. मी गोळ्यांचा विषयच काढला नाही, काका तुम्ही आधी काय करायचात एवढंच विचारलं. मायनिंगचे, म्हणजे खाणीतला माल वाहायचे ट्रक होते. २०१२ ला मायनिंग बंद, मग सुरू, मार्च २०१८ ला परत ठप्प, ट्रक दारात गंजत पडलेले, बँकेचे हप्ते चालूच, आणि परत कधी सुरू होणार ते तेव्हा कोणी धड सांगत नव्हतं. चहाच्या गाड्यावर मात्र रोज नवी तारीख, आणि त्यातली एखादी बातमी खरीपण निघायची. म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं हेच शिकला की खरी बातमी आतून येते, वरचे लपवतात.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्येच मांडलंय की विषय महत्त्वाचा आणि माहिती धूसर असं एकत्र आलं की अफवा पसरते. त्यात ती नोट चार ग्रुपांवरून आलेली, आणि तेच तेच कानावर पडलं की खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसलंय, शिकलेले लोकपण यातून सुटत नाहीत.

पण मला मोठं वाटलं ते वेगळंच. धंदा गेल्यावर घरात काकांना कोणी काही विचारेनासं झालेलं, ग्रुपवर मात्र ते "माहितीवाले". मुलगी रोज फॅक्ट चेकच्या लिंक पाठवायची, काळजीपोटीच, पण त्यांना ऐकू यायचं की तुम्हाला काही कळत नाही. मग माणूस अजून हट्टाला पेटतो, पेटणारच ना.

मी विचारलं, काका, लोड कोणाच्या नुसत्या शब्दावर भरायचात? "छे, परमिट बघितल्याशिवाय नाय." मग या आतल्या माणसाचं नाव काय, कंपनी कुठली? गप्प राहिले, पण चिडले नाहीत. पुढच्या वेळी स्वतःच म्हणाले, हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांना विचारून बघतो.

गोळ्या सुरू झाल्या. ग्रुप सोडलेला नाही, आणि मी मुलीला सांगितलंय की सोडायला लावू पण नकोस, घरातल्या पैशाच्या गोष्टीत त्यांना विचारत जा. तुमच्याकडेही कोणी अशा गोळ्या बंद केल्या असतील तर वाद नंतर घाला, आधी प्रेशर मोजून घ्या.