तरुण संघाच्या सेवेत जोखीम घ्यावी का, अन् किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी छोटी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे; तिचा तरुण संघ चालवायला तुमच्याकडे आलाय. मंडळीचे पंच म्हणतात, नाताळचं नाटक अन् उन्हाळी शिबिर एवढं पुरे, नवं काही नको. तुम्हाला मात्र वाटतं की जोखीम घेतल्याशिवाय तरुण मंडळीत टिकणार नाहीत. बरोबर कोण?

मी यवतमाळ जिल्ह्यातली. तरुण संघात आधी सभासद म्हणून, मग चालवणारी म्हणून बरीच वर्षं गेली. माझ्या मते जोखीम किती मोठी, हा नंतरचा प्रश्न. ती फसली तर भरणार कोण, हे आधी पाहा. तुम्ही भरणार असाल तर खुशाल घ्या. पोरं भरणार असतील तर पंचांचं ऐका.

बायबलमध्ये कफर्णहूम गावात चौघांनी छप्पर उसकून पक्षाघात्याला येशूपुढे सोडलं, त्यावर आपण दर वर्षी संदेश ऐकतो. विश्वास त्या चौघांचा, पण छप्पर दुसऱ्याचं. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याने घराचे कवेलू फेरले असतील त्याला त्या घरमालकाची आठवण येतेच. संदेश देणाऱ्यांना काहून येत नाही, देव जाणे.

आता गिटार-ड्रमबद्दल. पुष्कळ ठिकाणी यालाच जोखीम समजतात आणि त्यावरून वर्षभर भांडतात. पेटी-तबला ठेवा की गिटार आणा, कोणाचं काही बिघडत नाही. त्या भांडणात उमेद घालवू नका.

खरी जोखीम वेगळी. आम्ही एक कुलूपबंद डबा ठेवला आणि सांगितलं, नाव न लिहिता काहीही विचारा. सुरुवातीला थट्टेच्याच चिठ्ठ्या आल्या. मग एकदा आली: बाबांवर कर्ज आहे, ते रात्री बोलत नाहीत, मी काय करू? कोणी दुसऱ्या समाजातल्या मुलीबद्दल विचारलं, कोणी दारूबद्दल. एकाने सरळ लिहिलं की प्रार्थना केली तरी पाऊस आला नाही, मग कशासाठी करायची. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘याचं उत्तर माझ्यापाशी नाही.’ दोन वडीलधारे नाराज होऊन उठून गेले. पण पोट्टे पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन आले. इथे पणाला काय लागलं? पाळकांचा मान आणि माझी खुर्ची. एवढं लागलं तर लागू द्यावं.

मात्र डबा ठेवण्याआधी तयारी पाहिजे. विदर्भात कापूस-सोयाबीनच्या कर्जाचं बोलणं कधी जिवावरच्या बोलण्यापर्यंत पोचेल सांगता येत नाही. तशी चिठ्ठी आली तर बायबलचं वचन वाचून मोकळं होऊ नका. पोरगा कोण ते हळूच शोधा, त्याला एकटं सोडू नका, घरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाला सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास असते; तो नंबर सभागृहात मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. करणारा मंडळीतला असला की ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणणारे पुष्कळ निघतात. तिथे त्यांच्याशी वाकडं घ्या. ही जोखीम तुमचीच आहे आणि टाळता येत नाही.

ज्या घेऊ नयेत त्या आता सांगते. परीक्षा संपतात म्हणून आपण शिबिर मे महिन्यात ठेवतो, आणि आपल्याकडे तेव्हा पारा 45 च्या वर जातो. मग दुपारी पोरांना धरणावर पोहायला नेतात, मोजायला कोणी नसतं. नागपूरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या बाजूला रात्री भरला नाला ओलांडताना बुडाले. सेवेला निघालेल्याला पाणी वेगळं वागवत नाही. शिबिर चिखलदऱ्याला ठेवा, नाहीतर चर्चच्या आवारात झाडाखाली ठेवा, पण पोहणं नको आणि मुलींना रात्रीच्या गाडीने परत पाठवणं नको. काही झालं नाही तरी गावात बोलणी त्या मुलीलाच बसतात.

दुसरी म्हणजे बाप्तिस्म्याची घाई. शिबिराच्या शेवटच्या रात्री गाणी रंगतात, डोळे भरतात आणि बौद्ध किंवा हिंदू घरातला एखादा मित्र म्हणतो, मलाही घ्या. तो अनुसूचित जातीतला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. शिष्यवृत्ती, राखीव जागा, सगळं त्यात आलं. हे त्याला आधी कोणी सांगतं का? तो अल्पवयीन असेल तर आई-वडिलांना कळल्याशिवाय त्याला कार्यक्रमालाही बोलावू नका. मनाने यायचंच असेल तर तो चार वर्षांनीही येईल.

कवी नारायण वामन टिळकांनी नागपूर-राजनांदगाव गाडीत एका परक्या माणसाने दिलेला बायबलचा नवा करार वाचायला घेतला. पुढे बराच काळ वाचन, वाद, पत्रव्यवहार करून 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिशी ओलांडलेला, शिकलेला माणूस, तरी इतका वेळ घेतला. आणि तरीही किंमत एकट्याने मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाईंना मुलासह काही वर्षं वेगळं राहावं लागलं. टिळकांचं मोठेपण मान्यच, पण तरुणांपुढे ही गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंची बाजू गाळू नका.

पंचांपुढे जाल तेव्हा उत्साहाचं भाषण करू नका. एका कागदावर लिहून न्या: काय करणार, जबाबदार कोण, फसलं तर कोणाचं काय जाईल. पहिल्या वेळी संघाचा हिशेब एखाद्या विशीतल्या मुलीकडे द्यायचं मागा आणि चिठ्ठ्यांचा डबा मागा, बाकी राहू द्या. पैसे कमी भरले तर मी भरीन, हेही लिहा. विरोध करणाऱ्या एका काकांना चिठ्ठ्यांच्या संध्याकाळी बसायला बोलवा, मात्र मधे बोलायचं नाही या अटीवर.

सुरुवात पोळ्यानंतर करा. निंदण उरकत आलेलं असतं, वेचणी लागायची असते, म्हणून पोट्टे संध्याकाळी सापडतात. जूनमध्ये बैठक लावली तर तुम्ही अन् पाळकसाहेब दोघंच बसून राहाल.